दहावीचं भूगोलाचं पुस्तक: ब्राझील कामाचा, पण पेन्सिल हातात हवी

बालभारतीच्या दहावीच्या भूगोलावर पालकांची ठरलेली तक्रार असते. आपल्या पोरांना आपलाच देश धड माहीत नाही, त्यात हा ब्राझील कशाला? भारत आणि ब्राझील यांची तुलना करणाऱ्या, २०१८ साली आलेल्या या पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट नेमकी तीच आहे. एका देशाची माहिती पाठ करता येते. दोन देश शेजारी मांडले की 'असं का?' विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अवर्षण चतुष्कोन घ्या. ब्राझीलच्या ईशान्येला एवढा समुद्र जवळ असून पाऊस तुटपुंजा, कारण वाटेत किनाऱ्याकडची उच्चभूमी आहे. समुद्रावरून आलेले वारे ती चढताना पाऊस पाडतात आणि पलीकडे कोरडे उतरतात. सातारा जिल्ह्यातल्या मुलाला हे वेगळं सांगायला नको. महाबळेश्वर धो धो भिजतं आणि त्याच जिल्ह्यातलं माण-खटाव टँकरची वाट बघतं. हे नातं वर्गात एकदा दाखवलं की 'पर्जन्यछाया' घोकावी लागत नाही.

प्रमाणवेळेचं गणितही असंच. भारताचं प्रमाण रेखावृत्त ८२°३०′ पूर्व. एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ३३० मिनिटं, म्हणून आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. ब्राझिलियाची वेळ ग्रीनिचच्या ३ तास मागे. मुलं इथे हमखास ५.३० मधून ३ वजा करून अडीच तास लिहितात. एक पूर्वेला, दुसरं पश्चिमेला, म्हणून बेरीज: साडेआठ तास. आपल्याकडे दुपारचे १२ वाजले की ब्राझिलियात पहाटेचे साडेतीन. वहीच्या पानावर आडवी रेघ ओढून मधे ० मांडला, तर ही चूक पुन्हा होत नाही.

हवामानाच्या धड्यात सापळा आहे तो ऋतूंचा. ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात, त्यामुळे तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट. आलेखात जुलैचा खड्डा दिसला की मुलं 'पावसामुळे तापमान घटलं' असं आपल्याकडचं कारण चिकटवतात. आलेख वाचण्याआधी शहर विषुववृत्ताच्या कुठल्या बाजूला आहे ते नकाशात बघायचं, एवढी सवय लागली तरी पुरे.

आता खरी अडचण. ४० गुणांच्या भूगोलाच्या पेपरात नकाशाला ८ गुण: ४ भरायला, ४ वाचायला. शिवाय आलेखाला ६. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त गुण हाताच्या सरावावर, आणि सराव नुसतं पुस्तक वाचून होत नाही. दुकानातून भारत आणि ब्राझीलच्या कोऱ्या आराखड्यांचे पंचवीस-पंचवीस कागद आणावेत. प्लॅस्टिकचं स्टेन्सिल मिळतं, पण त्यावर विसंबू नये. त्याने काढलेल्या भारतात काश्मीरची टोकं गोल होतात आणि अंदमान-निकोबार, लक्षद्वीप राहूनच जातात. परीक्षेत आराखडा छापील मिळतो. तिथे बाह्यरेषा नव्हे, जागा कळायला हवी.

जागा चुकतात त्याही ठरलेल्या. पँटानल हा दलदलीचा प्रदेश अॅमेझॉनच्या खोऱ्यात टाकतात. ते नैऋत्येला, बोलिव्हिया-पॅराग्वेच्या सीमेकडे. साओ फ्रान्सिस्को नदी दक्षिणेकडे वाहताना दाखवतात, कारण नकाशात 'खाली' जाणं स्वाभाविक वाटतं. ती बराच काळ उत्तरेकडे जाऊन मग पूर्वेला वळते आणि अटलांटिकला मिळते. राजधानी म्हणून रिओवर ठिपका देतात. १९६० पासून राजधानी ब्राझिलिया, आणि ती आतल्या बाजूला आहे. बेट, नदी, बंदर सगळं एकाच पेन्सिलने गिरवून सूची (कुठलं चिन्ह कशाचं ते) द्यायचीच विसरणं ही आणखी एक महाग चूक. चिन्ह आणि सूची आधी ठरवावी, मग नकाशात हात घालावा.

आलेखात गुण जातात ते प्रमाण न लिहिल्याने, अक्षांना नावं न दिल्याने. जोडस्तंभालेखात दोन देशांचे स्तंभ चिकटवून, पण वर्षांच्या जोड्यांमधे सारखी जागा सोडून काढावेत.

आकडे मात्र जुने झाले आहेत. लोकसंख्येचा धडा मुख्यतः भारताच्या २०११ च्या आणि ब्राझीलच्या २०१० च्या जनगणनेवर उभा. ब्राझीलची पुढची जनगणना २०२२ मधे झाली, तेव्हा लोकसंख्या सुमारे २०.३ कोटी होती. परीक्षेत पुस्तकातलाच आकडा लिहायचा.

पहिला धडा क्षेत्रभेटीचा, आणि तोच बहुतेक ठिकाणी वाचून उरकतात. लांबची सहल नसली तरी चालेल. गावातला ओढा, बाजार किंवा वीटभट्टी पुरते. दहा प्रश्नांची प्रश्नावली, होकायंत्र, गावाचा नकाशा, वही आणि दोन तास. प्रश्न 'किती?' आणि 'कुठून?' असे हवेत. 'तुम्हाला कसं वाटतं?' विचारलं की अहवालात लिहायला काही उरत नाही.

जोडीच्या इतिहासाबद्दल थोडक्यात: कल्पना उत्तम, गर्दी फार. खेळ, पर्यटन, प्रसारमाध्यमं, ठेव्यांचं जतन असा उपयोजित इतिहास दहावीला आणणं धाडसाचं आहे. पण पहिल्याच धड्यात इतिहास कसा लिहावा यावर विचार मांडणारे व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको एकामागोमाग येतात आणि मुलं नावांच्या जोड्या लावायला शिकतात, विचार नाही. प्रत्येक नावासमोर 'याने कोणता नवा प्रश्न विचारला?' एवढं एका ओळीत लिहून घेतलं, तर धडा निम्मा होतो.

पुस्तकाची पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट आहे, पण तिची काळी-पांढरी झेरॉक्स काढून भूगोल शिकू नका. प्राकृतिक नकाशात उंची रंगछटांनी दाखवली आहे. झेरॉक्समधे हिमालय आणि गंगेचं मैदान दोन्ही राखाडी दिसतात.