इन्स्टाग्राम रील्स: पाहणाऱ्याला नाचायला लावणारी सोय

टिकटॉकवरील बंदीनंतर जुलै २०२० मध्ये भारतात आलेल्या रील्सची खरी ताकद एका छोट्या सोयीत आहे: गाण्याच्या नावावर बोट ठेवले की गाण्याच्या त्याच तुकड्यावर इतरांनी केलेले व्हिडिओ एकत्र उघडतात आणि तोच तुकडा घेऊन आपलाही व्हिडिओ लगेच करता येतो. २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’ या चित्रपटातील संगीतकार अजय-अतुल यांचे ‘बहरला हा मधुमास’ असेच पसरले, कारण त्यातली लयदार, सोपी हालचाल नाच न शिकलेल्यांनाही जमत होती, आणि मराठी न समजणारेही त्यावर मनापासून थिरकले. मला मात्र पूर्ण गाणे ऐकायला आवडते, आणि तुकड्यात कडवी हरवतात याची खंत वाटते. गायकाबरोबर नृत्यदिग्दर्शकाचे नावही ठळक दिसायलाच हवे.