दंडाला पट्टा बांधायचे रक्तदाबयंत्र: वर्षभराच्या वापरानंतर

वडिलांना पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून हे स्वयंचलित यंत्र घेतले. पक्षाघाताच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उच्च रक्तदाब सर्वांत मोठे असून तो बहुधा कोणतीही जाणीव करून देत नाही, त्यामुळे रोजच्या नोंदींचे मोल मोठे आहे. यंत्राचे ठळक आकडे वडिलांना चष्म्याशिवाय वाचता येतात, आणि तारीखवार साठवलेल्या नोंदी पाहूनच डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली.

सुरुवातीला मात्र आकडे सतत चढे येत, कारण यंत्रासोबत आलेला पट्टा वडिलांच्या दंडाला आखूड पडत होता आणि मोजणी चालू असताना ते बातम्यांवर टीकाही करत असत. मोठा पट्टा मागवल्यावर, आणि पाच मिनिटे गप्प बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजू लागल्यावर, सरासरी १३५/८५ च्या खाली स्थिरावली. ठोके अनियमित असल्यास पडद्यावर खूण उमटते. हात हलला तरी ती उमटते, हे खरे. पण वारंवार दिसल्यास ईसीजी काढून घ्यावा, कारण हृदयाच्या एका विशिष्ट अनियमिततेत रक्ताच्या गुठळ्या होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढतो.

माझी खरी तक्रार माहितीपुस्तिकेविषयी आहे. झटका येत असताना या यंत्राचा उपयोग नाही, हे तिच्यात कुठेही लिहिलेले नाही. त्या सकाळी वडिलांना सदऱ्याचे बटण लावता येईना, जीभ जड झाली होती, आणि आम्ही शेजाऱ्यांकडून असेच यंत्र आणून पट्टा गुंडाळत बसलो. आकडा जवळपास नेहमीचा दिसला म्हणून अर्धा तास थांबलो. आकडा बरा असला तरी पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असे दिसल्यावर. झटका गुठळीमुळे आला की मेंदूतल्या रक्तस्रावामुळे, हे घरी कळत नाही, म्हणून घरच्या घरी ॲस्पिरिन देणेही धोक्याचे. तोंड एका बाजूला ओघळले, वर उचललेला एक हात खाली येऊ लागला किंवा बोलणे अडखळले, तर लक्षणे सुरू झाल्याची वेळ टिपून थेट रुग्णवाहिका बोलवावी, आणि लक्षणे आपोआप ओसरली तरीही जावे. यंत्राच्या डब्यावर मी हे कागदावर लिहून चिकटवले आहे.

यंत्र घ्यावे असेच मी सांगेन. फक्त मागवण्याआधी दंडाचा घेर टेपने मोजून घ्यावा.