‘ईसीयू जळाला’ असे मला सांगण्यात आले, तेव्हा तो जळालेला नव्हता

माझी स्कोडा लॉरा २०१२ सालची, २.० लिटर डिझेल इंजिनाची आहे. कंपनीने दिलेली १४० अश्वशक्ती मला पुरेशी होती, तरीही ‘रिमॅप’ करून, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातली सॉफ्टवेअरची फाईल बदलून, ती १७५ पर्यंत नेता येते असे ऐकल्यावर मी पुण्याजवळच्या एका गॅरेजमध्ये १५ हजार रुपयांत हे काम ठरवले. विमा कंपनीला न कळवता केलेला असा बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो आणि धुराचे प्रमाणही बदलू शकते, हे मला माहीत होते. निर्णय माझा होता आणि त्याची जबाबदारी मी टाळत नाही. त्यानंतर जे घडले ती मात्र फसवणूक होती.

हा संगणक म्हणजेच ईसीयू. इंजिनाचे सर्व नियंत्रण या एका चपट्या धातूच्या डब्यातून होते. माझ्या गाडीत तो बॉशच्या ईडीसी-१७ मालिकेतला असून वायपरखालच्या पन्हाळीत बसवलेला असतो. गॅरेजमधल्या तरुणाने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडले, लॅपटॉपवर एक मिनिटभर काहीतरी हलले आणि ‘तुमची मूळ फाईल वाचून ठेवली’ असे त्याने मला सांगितले. हे पहिले असत्य होते, पण ते मला फार उशिरा कळले. या मालिकेतल्या अनेक ईसीयूंमधून सॉकेटद्वारे संपूर्ण फाईल वाचताच येत नाही. यंत्र फक्त सॉफ्टवेअरचा क्रमांक ओळखते आणि त्याच क्रमांकाची फाईल आपल्या साठ्यातून आणून देते. साठ्यात ती नसेल, तर कुठून तरी मिळवलेली, जवळपासच्या क्रमांकाची फाईल पुढे केली जाते. तुमच्या स्वतःच्या डब्यातले एक अक्षरही त्यामुळे जपले जात नाही.

फाईल भरण्याचे काम सुरू होताच इंजिनासमोरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागला. लेखन चालू असताना ईसीयूकडून संदेश येणे थांबते आणि पंखा सुरक्षिततेसाठी आपोआप पूर्ण वेग घेतो आणि बॅटरी उतरवत राहतो. म्हणूनच या कामात बॅटरीला बाहेरून स्थिर वीज देणारा चार्जर जोडणे अनिवार्य मानले जाते. तो जोडलेला नव्हता. मी विचारले, तेव्हा ‘पाच मिनिटांचे काम आहे’ असे उत्तर मिळाले. माझी बॅटरी तीन वर्षांची होती. लॅपटॉपवरची प्रगती दाखवणारी पट्टी ६७ टक्क्यांवर थांबली, पडद्यावर व्होल्टेज ११.४ दिसत होते, आणि त्यानंतर किल्ली फिरवली की इंजिनाचा दिवादेखील लागेना. स्कॅनर इतर सर्व भागांशी बोलत होता, फक्त इंजिन उत्तर देत नव्हते.

अर्ध्या तासाने मालक आले. त्यांनी पन्हाळीवरचे प्लॅस्टिक उघडून डबा काढला, उलटसुलट पाहिला आणि ‘साहेब, आत पाणी गेले होते, ईसीयू आधीपासूनच खराब होता, आज जळाला’ असा निर्वाळा दिला. पन्हाळीत पावसाचे पाणी येते हे खरे असल्यामुळे माझा विश्वास बसला. त्याच वेळी नवा भाग मागवताना उपयोगी पडेल म्हणून मी डब्यावरच्या लेबलाचा फोटो काढून ठेवला. ही एकच गोष्ट त्या दिवशी माझ्या हातून नीट झाली.

दुसऱ्या गाडीचा ईसीयू ३८ हजारांत बसवून देण्याचे ठरले आणि २० हजार मी तेथेच यूपीआयने दिले. पावती मागितली, तेव्हा काम झाल्यावर देऊ म्हणाले. आठवड्याने गाडी बघायला गेलो, तर इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडत होते. चोरीविरोधी इमोबिलायझर प्रणालीत किल्ली, मीटर आणि ईसीयू यांची जुळणी असते. परका ईसीयू ती जुळणी केल्याशिवाय इंजिन चालू ठेवत नाही. ती जुळणी करण्यासाठी आता आणखी १२ हजार मागितले गेले. मी माझा जुना डबा परत मागितला, तर तो भंगारात गेल्याचे सांगण्यात आले.

त्या उत्तराने मला पहिल्यांदा संशय आला, कारण जळालेली वस्तू भंगारात देण्याची एवढी घाई कोणाला नसते. मी लेबलाचा फोटो, दिलेल्या रकमेचा तपशील आणि डबा तीन दिवसांत न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करीन असा मजकूर व्हॉट्सॲपवर लेखी पाठवला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी डबा सापडला. क्रमांक फोटोशी जुळवून मी तो ताब्यात घेतला, बसवलेला परका डबाही काढून सोबत घेतला आणि गाडी टोइंगने पिंपरीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांकडे नेली.

त्यांनी माझ्यासमोर काम केले. हॉट एअरने झाकणाभोवतीचे सीलंट मऊ करून डबा उघडला. आतला बोर्ड कोरडा आणि स्वच्छ होता, पाण्याचा हिरवट डाग कुठेही नव्हता. मग त्यांनी सांगितले की फाईल भरताना वीज गेली, तर सहसा काहीच जळत नाही. प्रोग्रामची स्मृती अर्धी जुनी आणि अर्धी नवी राहते, तिचा चेकसम, म्हणजे फाईल अखंड आहे का हे तपासणारा आकडा, चुकतो आणि ईसीयू ती चालवण्यास नकार देतो. सॉकेटमधून पुन्हा भरण्याचा प्रयत्न त्यांनी आधी केला, तो जमला नाही. तेव्हा टेबलावर स्थिर १२ व्होल्टचा पुरवठा देऊन, बोर्डावरच्या एका बिंदूला बारीक तार लावून त्यांनी प्रोसेसर बूट मोडमध्ये सुरू केला. या अवस्थेत बिघडलेला प्रोग्राम बाजूला राहतो आणि स्मृतीशी थेट बोलता येते. काहीही लिहिण्यापूर्वी त्यांनी प्रोग्राम आणि ईईप्रॉम (गाडीची स्वतःची माहिती साठवणारी वेगळी स्मृती) दोन्ही वाचून जतन केले. इमोबिलायझरची माहिती ईईप्रॉममध्ये होती आणि ती शाबूत होती. अर्धवट भरलेला भाग दुसऱ्याच सॉफ्टवेअर क्रमांकाच्या फाईलचा निघाला, म्हणजे काम पूर्ण झाले असते तरी गाडी नीट चालली असती याची खात्री नव्हती. लेबलावरच्या क्रमांकाशी जुळणारी कंपनीची मूळ फाईल त्यांनी भरली, झाकण नव्या सीलंटने बंद केले आणि गाडी पहिल्या किल्लीत सुरू झाली. एकूण अडीच तास आणि ६,५०० रुपये लागले. रिमॅपची फाईल हवी का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हणालो.

तुमच्या बाबतीत असे घडले, तर ‘जळाला’ हा शब्द ऐकून तेथेच पैसे देऊ नका, आणि स्वतःचा डबा क्रमांकाची नोंद न करता कोणाच्या हाती सोपवू नका. टेबलावर घेऊन वाचून पाहिल्याशिवाय ईसीयू मेला असे कोणीही ठामपणे सांगू शकत नाही. गाडी कामाला देण्याआधीच, मूळ फाईल पेनड्राइव्हवर देणार का आणि ती प्रत्यक्ष वाचलेली असेल का, हे विचारा. उत्तर टाळले गेले, तर परत फिरा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. माझ्याकडे पावती नव्हती, तरी यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचा मजकूर कामी आला. २० हजारांपैकी १२ हजार त्यांनी परत केले, उरलेल्या रकमेसाठी मी तक्रार दाखल केली आहे.

एक गोष्ट मनातून जात नाही. पिंपरीच्या त्या गृहस्थांनी मला बसवून दिलेला परका डबाही वाचून पाहिला. तो पूर्णपणे सुस्थितीत होता आणि त्याच्या ईईप्रॉममध्ये दुसऱ्या एका गाडीचा चासी क्रमांक होता. ती गाडी अपघातात मोडीत निघाली असेल, किंवा तिच्या मालकालाही कोणीतरी ‘ईसीयू जळाला’ असेच सांगितले असेल. मला हे सिद्ध करता येत नाही. तो डबा मी परत केलेला नाही आणि त्यातला चासी क्रमांक तक्रारीसोबत जोडला आहे.