पाण्यात अडकलेल्या सात गाड्या आणि वागळे इस्टेटमधील हे गॅरेज

ठाण्यात वंदना बस आगाराच्या आसपास राहणाऱ्यांना पाणी तुंबण्याचे नवल राहिलेले नाही. मुसळधार पाऊस आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की नाल्यातील पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ते रस्त्यावर साचू लागते. तरीही मागील जुलैमधील त्या पहाटे आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या जागेत, पाणी ज्या वेगाने चढले, तसे आमच्यापैकी जुन्या रहिवाशांनी २६ जुलै २००५ नंतर पाहिले नव्हते. त्यानंतरच्या काही आठवड्यांत या गॅरेजचा आम्हाला जो अनुभव आला, तो ठाण्यातील इतर गाडीमालकांच्या उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहाटे चार वाजता वॉचमनने घरोघरी दारे ठोठावून सर्वांना उठवले, तेव्हा पाणी टायरच्या मध्यापर्यंत आले होते. अकरापैकी चार गाड्या न्यूट्रलवर टाकून, धक्का मारत फाटकाबाहेरच्या चढावर नेता आल्या. ज्यांच्या घरी गाडी नाही अशी मुलेही त्यासाठी गुडघाभर पाण्यात उतरली होती, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी स्वतःच्या घरात पाणी शिरत असताना सर्वांसाठी चहा करून पाठवला, हे येथे नोंदवले पाहिजे. उरलेल्या सात गाड्या जागीच राहिल्या. सकाळी पाणी उतरू लागले तेव्हा त्यांच्या दारांवर सीटच्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ उमटलेली होती.

साडेसहा वाजता मी या गॅरेजला फोन केला. उस्तादांनी गाडी कोणती, विमा कोणता, यांपैकी काहीही विचारण्याआधी एकच गोष्ट सांगितली: "कुणीही सेल्फ मारू नका. चालू होते का ते बघायलासुद्धा किल्ली फिरवू नका." हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, हे त्यांनी फोनवरच समजावून सांगितले. बॅटरीची निगेटिव्ह वायर कशी सोडवायची, तेही त्यांनी सांगितले आणि मी ते खाली जाऊन सर्वांना सांगितले. दुर्दैवाने दुसऱ्या मजल्यावरील एका शेजाऱ्यांनी त्यापूर्वीच दोनदा सेल्फ मारला होता. दुसऱ्या खेपेस गाडी क्षणभर सुरू झाली आणि खाडकन आवाज होऊन बंद पडली.

त्या दिवशी साऱ्या शहरातून गॅरेजना फोन जात असणार, त्यामुळे फ्लॅटबेड (अख्खी गाडी सपाट पाठीवर चढवून नेणारा ट्रक) दुपारी तीन वाजता आला याबद्दल माझी तक्रार नाही. दोन दिवसांत फेऱ्या मारून त्यांनी सातही गाड्या तीन हात नाक्यामार्गे वागळे इस्टेटला नेल्या. पहिल्या फेरीत त्यांनी तिसऱ्या मजल्यावरील आजोबांची जुनी छोटी गाडी नेली, कारण आजोबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जावे लागते. महागड्या गाड्यांना त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवले. सात गाड्यांपैकी दोन ऑटोमॅटिक होत्या. अशा गाडीची पुढची चाके जमिनीवर ठेवून हुकने ओढली तर गिअरबॉक्सची हानी होऊ शकते, म्हणून फ्लॅटबेडचाच आग्रह धरावा, असे मी आवर्जून सांगेन.

गॅरेजमधील तपासणी मी स्वतः उभे राहून पाहिली. उस्तादांनी इंजिन ऑइलची पट्टी काढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. आमच्या गाडीच्या ऑइलचा डाग नेहमीसारखा तपकिरी उमटला. त्याच फडक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावर त्यांनी शेजाऱ्यांच्या गाडीची पट्टी पुसली, तेव्हा दुधाच्या चहासारखा फिकट, फेसाळ डाग पडला. ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण इतकी स्पष्ट दिसेल, याची मला कल्पना नव्हती. आमच्या एअर फिल्टरच्या डब्यात ओल आढळल्यामुळे त्यांनी स्पार्क प्लग काढले, इंजिन आधी पान्याने हाताने फिरवले, आत पाणी नसल्याची खात्री केली आणि मगच सेल्फ मारला. त्यानंतर सर्व सीट बाहेर काढून कार्पेट उचलण्यात आले. कार्पेट वरून वाळलेले वाटत होते, पण खालचा नमदा पिळता येईल इतका भिजलेला होता. डिकीत स्टेपनी काढल्यावर खालच्या खळग्यात चांगले बादलीभर पाणी निघाले. वायरिंगचा प्रत्येक कनेक्टर सोडवून हवेच्या दाबाने कोरडा करण्याचे काम एक मुलगा दिवसभर, एकही जोड न चुकवता करत होता.

विम्याच्या बाबतीत त्यांनी केलेली मदत तितकीच मोलाची ठरली. गाड्या धुण्याआधी दारांवरील चिखलाच्या रेघेची छायाचित्रे त्यांनी काढून ठेवली आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत कोणताही भाग बदलला नाही. केवळ थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीपुरता विमा, असेल तर पुराच्या नुकसानीचा एक रुपयाही मिळत नाही, हे आमच्या सोसायटीतील दोघांना त्या दिवशी कळले. सर्वंकष विम्यात पुराचे नुकसान भरून मिळते, पण झीज कापून. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के कपात होते, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक दाव्यामागे पहिले १००० रुपये स्वतः भरावे लागतात. पाण्यात सेल्फ मारल्यामुळे इंजिनाचे जे नुकसान होते, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर आधीच घेतलेले असावे लागते. आमच्या शेजाऱ्यांकडे ते नव्हते; सीट आणि वायरिंगचे पैसे मिळाले, इंजिनाचा खर्च मात्र त्यांना स्वतः सोसावा लागला. उस्तादांनी त्यांना नव्या इंजिनाऐवजी वाकलेला रॉड आणि खराब झालेले भाग बदलण्याचा पर्याय सुचवला नसता, तर तो खर्च याहून कितीतरी अधिक झाला असता.

उणिवाही सांगणे आवश्यक आहे. आमची गाडी चार दिवसांत मिळेल असे सांगितले होते, ती आठव्या दिवशी मिळाली, आणि मधल्या काळात कार्यालयातील फोन अनेकदा उचलला गेला नाही. खर्चाचा लेखी अंदाज मागितल्याशिवाय देण्यात आला नाही. कितीही घाई असली तरी तो पहिल्या दिवशीच हाती मिळायला हवा. गाडी घरी आणल्यानंतर दहा दिवसांनी आत कुबट वास येऊ लागला. मी तक्रार केल्यावर त्यांनी कोणतीही कुरकुर न करता गाडी परत घेतली, चालकाच्या पायाखालचा नमदा पूर्ण बदलला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर संपूर्ण पावसाळा गाडी विनातक्रार चालली, एसी लावल्यावरही वास आला नाही.

या वर्षी मे महिन्यात उस्ताद दुसऱ्या एका कामासाठी सोसायटीत आले असताना त्यांनी स्टिल्टच्या एका खांबावर लाल रंगाने आडवी रेघ ओढली. आमच्या गाड्यांतील सर्वांत ठेंगण्या गाडीच्या दाराची खालची कड जेथे येते, त्याच्या वीतभर खाली ती आहे. वॉचमनला खुर्चीवर बसल्या बसल्या दिसेल असाच खांब त्यांनी निवडला आणि पाणी रेघेला टेकण्याआधी सर्वांना उठवायचे, हे त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.