का-एस-का: बर्लिनच्या चित्रकारांचा विमा, सोलापूरच्या हिशेबाने

बर्लिनला फ्रीलान्स काम करायला निघालेल्या सोलापूरकराचा फोन आला की पहिला प्रश्न घरभाड्याचा असतो आणि दुसरा थंडीचा. आजारी पडलं तर काय, हे कुणी विचारत नाही. म्हणून हा रिव्ह्यू एकाच सेवेचा: क्युन्स्टलरसोत्सियालकासं. तिकडे सगळे का-एस-का म्हणतात, मीही तेच म्हणते. स्वतंत्रपणे काम करणारे चित्रकार, डिझायनर, गायक, नट, लेखक, पत्रकार यांना आरोग्य विमा, शुश्रूषा विमा (परावलंबी झाल्यावरच्या देखभालीचा) आणि पेन्शन या तिन्हींत घेणारी ही सरकारी व्यवस्था. कायदा १९८१ चा, अंमल १९८३ पासून. कचेरी बर्लिनमध्ये नाही, पार उत्तर समुद्राकडच्या विल्हेल्म्सहाफेनला. तिथे जावं मात्र लागत नाही, सगळं पत्राने चालतं.

मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते आणि पडद्यांच्या, उशांच्या कापडासाठी पॅटर्न करते. बर्लिनच्या नॉयक्योल्न भागात राहते. एखादा महिना मान वर करायला फुरसत नसते, पुढचा महिना मेल बघण्यात जातो. असं उत्पन्न असलेल्या माणसाचा विमा कुणी उतरवायचा, हा जगभरचा प्रश्न आहे. सोलापुरात तो मी घरातच पाहिलाय.

आमचं घर पूर्व भागातलं. आजी विड्या वळायची, अप्पा चादरीच्या कारखान्यांना डिझाईन काढून द्यायचे. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवत जायचं आणि त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची, कार्डं पंच व्हायची. मोर काढायचा तर पिसाऱ्यातला एकेक डोळा चौकोनांत मोजून बसवावा लागे. एक चौकोन चुकला की कापडावर तो चुकीचा टाका चादरभर पुन्हा पुन्हा उमटणार. पैसे डिझाईनमागे. पुढे कारखान्याने त्या मोराच्या किती चादरी काढल्या, किती वर्षं काढल्या, त्याच्याशी अप्पांचा संबंध नाही. तापाने आठवडाभर पडले तर आठवडा बुडाला.

आजीचं तसं नव्हतं. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसण्याचं ते काम, मजुरी तुटपुंजी, विड्या नापास करणाऱ्याची धास्ती वेगळी. पण तिच्याकडे ओळखपत्र होतं, पीएफ होता, विडी कामगारांच्या दवाखान्यात औषध मिळायचं. १९७६ च्या कायद्याने विड्यांवर उपकर बसवला होता. तो कारखानदाराने भरायचा आणि त्यातून दवाखाने, कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या. (२०१७ ला जीएसटी आला तेव्हा तो उपकर गेला. त्यावर लिहायला बसले तर हा रिव्ह्यू राहील बाजूला.) माझी शाळेतली शिष्यवृत्ती आजीच्या विड्यांवर आली, अप्पांच्या मोरावर नाही.

का-एस-का कशी चालते ते मला जर्मन माहितीपत्रक वाचून जेवढं कळलं नाही तेवढं आजीच्या कार्डावरून कळलं. नोकरदाराच्या विम्याचा अर्धा हप्ता मालक भरतो. फ्रीलान्सरला मालकच नाही. म्हणून का-एस-कात अर्धा हप्ता आपण भरायचा आणि उरलेला अर्धा बाहेरून येतो: साधारण ३० टक्के चित्रं, मजकूर, संगीत विकत घेणाऱ्या कंपन्यांकडून आणि २० टक्के केंद्र सरकारकडून. प्रकाशक, जाहिरात कंपन्या, नाट्यगृहं यांनी कलाकारांना जेवढं मानधन दिलं त्यावर ठरावीक टक्के वेगळे भरायचे. २०२५ साली हा दर ५ टक्के होता. आपल्या बिलातून एक सेंटही कापता येत नाही.

हे मी अप्पांना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "वरून पाच टक्के भरायचे म्हटल्यावर तो प्रकाशक तुला कामच कमी देत नाही होय?" नाही देत, कारण दुसऱ्या चित्रकाराला काम दिलं तरी त्याला तेवढेच भरावे लागतात. तो चित्रकार का-एस-कात असो वा नसो. अप्पा म्हणाले, "मग ठीक आहे. आमच्याकडं युनियन करायला गेलं की कारखानदार शेजारच्याला धरायचा."

आता पैशाचं. समजा वर्षाचा नफा, म्हणजे खर्च वजा जाता, १८,००० युरो आहे आणि मूलबाळ नाही. २०२५ च्या दरांनी महिन्याला ३०० युरोच्या आसपास हप्ता बसतो आणि त्यात पेन्शनही आली. का-एस-का नसताना सरकारी आरोग्य विमा आणि शुश्रूषा विमा यांनाच जवळपास तेवढे लागतात, पेन्शनच्या नावाने शून्य. जर्मनीला गेल्यावर सुरुवातीला मी परदेशी लोकांसाठी विकतात तो स्वस्त खाजगी विमा घेतला होता. कंपनीचं नाव घेत नाही. दाढ दुखायला लागली तेव्हा त्यांनी कळवलं की हा त्रास विमा घेण्याआधीचाच असावा. दाढ काय, जन्मापासूनचीच असणार! तो खर्च खिशातून गेला. का-एस-कामधून मिळणारं विम्याचं कार्ड मात्र बाकीच्या जर्मनांचं असतं तेच, दवाखान्यात कुणी वेगळी वागणूक देत नाही.

आत शिरणं थोडं वेळखाऊ आहे. नुसतं "मी आर्टिस्ट आहे" म्हणून भागत नाही. पोटापाण्यासाठी हेच करता, हे दाखवावं लागतं. बिलं, त्या बिलांचे पैसे बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, करारपत्रं, वेबसाइट, पदवी असेल तर पदवी. वर्षाला किमान ३,९०० युरो नफा हवा, पण नव्याने सुरुवात करणाऱ्यांना पहिली तीन वर्षं ही अट नाही. नवख्यांनी ही सवलत डोळे झाकून घ्यावी. आणि विमा धरतात तो अर्ज पाठवल्याच्या तारखेपासून, मंजुरीच्या नाही. त्यामुळे सगळे कागद जमेपर्यंत थांबू नका, अर्ज आधी टाका आणि कागद मागून पाठवा.

दरवर्षी १ डिसेंबरच्या आत पुढच्या वर्षी किती कमवाल याचा अंदाज कळवायचा आणि त्यावर हप्ता ठरतो. फ्रीलान्सरला पुढच्या वर्षीचं उत्पन्न विचारणं म्हणजे मे महिन्यात सोलापूरकराला उजनीचं पाणी विचारणं. पण वर्षाच्या मध्येही अंदाज पुढच्या महिन्यांसाठी बदलता येतो, हे चांगलं. हप्ता वाचवायला आकडा मुद्दाम खाली ठेवणारे पाहिलेत मी. पेन्शनही त्याच आकड्यावर बेतलेली असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. तपासणीही होते.

पेन्शनबद्दल सोलापुरातले लोक हमखास म्हणतात, "परत आलीस तर ते पैसे गेलेच की." जात नाहीत. ६० महिने भरले की हक्क तयार होतो आणि भारत-जर्मनीचा सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे, त्यामुळे म्हातारपणी सोलापुरात बसूनही ती पेन्शन घेता येते. वयाने मोठे असाल तर अजून एक: ४५ वर्षांवरच्या भारतीयाला जर्मनीत फ्रीलान्सर म्हणून रहिवास परवाना काढताना म्हातारपणाची तजवीज दाखवावी लागते.

उणं काय? एक, आजारपणाचा भत्ता सातव्या आठवड्यापासून सुरू होतो. जास्तीचा हप्ता भरून तो १५ व्या दिवसापासून घेता येतो. हाताने काम करणाऱ्याने घ्यावाच, मनगट गेलं की सहा आठवडे कुणाच्या जिवावर काढणार? बेकारी विमा यात नाही. हाताखाली माणसं ठेवून धंदा वाढवायचा असेल तरी अडचण, एकापेक्षा जास्त नोकर ठेवता येत नाही.

मला खुपतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत. डिझायनर कलाकार म्हणून आत, विणकर मात्र कारागीर म्हणून सहसा बाहेर. ही रेघ सोलापुरात ओढून दाखवा. टाका कुठे बसेल, धागा कुठे तुटेल हे विणणाऱ्याकडून ऐकल्याशिवाय अप्पांचा एकही मोर कार्डावर गेला नाही.

आणि दुसरी: समजा एखाद्या जर्मन कंपनीने इथल्या, सोलापुरात बसून काम करणाऱ्या मुलीकडून चित्र काढून घेतलं. त्या मानधनावरही कंपनीला ते टक्के भरावेच लागतात. पण का-एस-कात नाव घालायचं तर काम आणि मुक्काम जर्मनीतला लागतो. म्हणजे तिच्या चित्रावरचा उपकर विल्हेल्म्सहाफेनला जाणार, त्यातून माझ्या दाढेचं बिल भागणार आणि ती इथे दाढ धरून बसणार. अप्पांसारखीच.

यासाठी एक तारा कापते. पाचपैकी चार. पगारी नोकरीवर जाणाऱ्यांना याचा काही उपयोग नाही, त्यांचा विमा कंपनी बघते. चित्रं, लेखन, संगीत यांवर पोट भरायला जाणाऱ्यांनी मात्र भारतात असतानाच आजवरची बिलं आणि बँकेच्या नोंदी स्कॅन करून ठेवा. बिलावर तारीख आणि कामाचं नाव नीट लिहा. "डिझाईनचे दिले" एवढंच खरडलेली चिठ्ठी तिथे चालत नाही.