नेव्हिगेशनचा पडदा किती खरा? स्टेल्थस्टेशन एस८ आणि ओ-आर्म

मेंदूतली गाठ काढायची असो किंवा मणक्यात स्क्रू बसवायचे असोत, मोठ्या रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजात हल्ली ‘नेव्हिगेशन’ अशी एक वेगळी ओळ दिसते. नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, हे घ्यायलाच हवं का? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ऑपरेशनागणिक बदलतं. हे परीक्षण मेडट्रॉनिकच्या स्टेल्थस्टेशन एस८ आणि त्याला जोडून वापरल्या जाणाऱ्या ओ-आर्म या स्कॅनरचं आहे. ब्रेनलॅब किंवा इतर कंपन्यांची कॅमेऱ्यावर चालणारी यंत्रंही त्याच तत्त्वावर बेतलेली असल्यामुळे यातलं बहुतेक त्यांनाही लागू पडतं.

यंत्राचं काम एका वाक्यात सांगता येतं. सर्जनच्या हातातल्या सळईचं टोक रुग्णाच्या डोक्यात नेमकं कुठे आहे, ते एमआरआयच्या चित्रावर त्याच क्षणी दाखवणं. त्यासाठी चाकांच्या गाड्यावर संगणक आणि पडदा असतो, दीड-दोन मीटर अंतरावर इन्फ्रारेड किरणांवर पाहणारा दोन डोळ्यांचा कॅमेरा असतो, आणि डोकं पकडणाऱ्या क्लॅम्पला घट्ट बसवलेली एक संदर्भ-चौकट असते. चौकटीवर आणि हत्यारांवर चकाकणारे छोटे गोळे लावतात. कॅमेरा फक्त हे गोळे पाहतो, त्याला ना डोकं दिसतं ना मेंदू. पुढच्या जवळजवळ सगळ्या चुकांचं मूळ इथेच आहे.

सुरुवात स्कॅनपासून करायला हवी, कारण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार. तपासणीसाठी नेहमी होणाऱ्या मेंदूच्या एमआरआयमध्ये काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे असतात आणि दोन कापांमध्ये थोडी जागा सोडलेली असते. निदानाला ते पुरतं, नेव्हिगेशनला अजिबात नाही. इथे १ मिलिमीटरचे, मध्ये जागा न सोडता घेतलेले, त्रिमितीय, टी-वन प्रकारचे काप लागतात, बहुतेक गाठींसाठी गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्रात गाठ उजळवणारं, इंजेक्शन देऊन घेतलेले. चित्रात टाळूपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आणि दोन्ही कानांपर्यंत सगळं डोकं यायला हवं. नाक कापलं गेलेलं स्कॅन ही सर्रास होणारी चूक आहे. रेडिओलॉजीच्या दृष्टीने त्यात मेंदू पूर्ण आलेला असतो, म्हणून कोणाला काही खटकत नाही, आणि ऑपरेशनच्या सकाळी जुळणी करायला चेहराच सापडत नाही. दुसरी चूक आवाज रोखणाऱ्या हेडफोनची आणि गालांशी दाबून बसवलेल्या गाद्यांची. कातडी दबलेल्या स्थितीत चित्र निघतं, टेबलावर ती मोकळी असते, आणि दोन्हींचा आकार जुळत नाही. चिठ्ठीवर ‘नेव्हिगेशन प्रोटोकॉल’ असं ठळक लिहून घ्यावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर इंजेक्शनआधी क्रिएटिनिन तपासून घ्यावं. आणि फिल्मचा गठ्ठा नव्हे, डायकॉम या डिजिटल स्वरूपातली सीडी किंवा पेनड्राइव्ह आणावा. फिल्मवरून यंत्राला काहीही कळत नाही.

मग रजिस्ट्रेशन, म्हणजे पडद्यावरचं डोकं आणि टेबलावरचं डोकं यांची जुळणी. भूल दिल्यावर डोकं तीन पिनांच्या मेफील्ड क्लॅम्पमध्ये धरतात. मोठ्या माणसात दाब साधारण ६० ते ८० पौंड ठेवतात. त्यानंतर संदर्भ-चौकट बसवतात आणि सळई कपाळावरून, भुवयांच्या हाडावरून, नाकाच्या दांड्यावरून फिरवतात. हजारो वळणं असलेला चेहरा यंत्र चित्रातल्या चेहऱ्याशी जुळवतं. गालावरून किंवा पापणीवरून सळई फिरवली तर मऊ कातडी दबते आणि जुळणी बिघडते. पिनांनी कपाळाची कातडी ओढली गेली असेल तरी तेच.

जुळणी झाली की पडद्यावर मिलिमीटरमध्ये एक आकडा येतो. या आकड्यावर विसंबणं ही या यंत्राच्या वापरातली सगळ्यात धोकादायक सवय आहे. टेकवलेले बिंदू चित्रातल्या चेहऱ्यावर किती नीट बसले, एवढंच तो आकडा सांगतो. गाठीपाशी किती चूक आहे ते तो सांगत नाही. जुळणी चेहऱ्यावर केली आणि गाठ डोक्याच्या मागच्या भागात असली, तर पुढे अर्ध्या अंशाचा फरक मागे जाईपर्यंत वाढत जातो. उपाय साधा आहे आणि त्याला अर्धं मिनिट लागतं: सळईचं टोक नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, दोन्ही कानांच्या पुढच्या उंचवट्यावर टेकवायचं आणि पडद्यावर तीच जागा दिसते का ते पाहायचं. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पुन्हा जुळणी करायची. निर्जंतुक कापडं पसरल्यावर आणि कवटी उघडण्याआधी हीच तपासणी परत करायची, कारण मधल्या काळात चौकटीला कोणाचं कोपर लागलेलं असू शकतं. चौकट सरकली की कॅमेऱ्याला डोकंच सरकलं असं वाटतं, आणि पडदा कसलीही तक्रार न करता चुकीची जागा दाखवत राहतो.

रुग्णाला पालथं झोपवून करायच्या ऑपरेशनात अडचण वाढते. चेहरा खाली असतो आणि सळई फिरवायला जागाच उरत नाही. अशा वेळी आधी लावलेल्या खुणा किंवा टेबलावरच काढलेलं स्कॅन वापरावं. घाईत उलट्या बाजूने चेहऱ्याचे चार बिंदू टेकवून काम भागवू नये.

मात्र सगळं अचूक केलं तरी एक मर्यादा उरतेच. चित्र काल-परवाचं असतं आणि मेंदू आत्ताचा. ड्यूरा हे आवरण उघडलं की पाणी वाहून जातं, मॅनिटॉलने सूज उतरते, गुरुत्वाकर्षणाने मेंदू खाली बसतो, आणि गाठ निघू लागली की पोकळी आत कोसळते. पृष्ठभाग एखाद्या सेंटिमीटरने सहज सरकतो. पडद्यावर मात्र तो स्कॅनच्या वेळी होता तिथेच दिसतो. त्यामुळे आपली सगळ्यात मोलाची कामं यंत्र पहिल्या तासातच करतं. चीर कुठे द्यायची, कवटीचं झाकण किती छोटं ठेवायचं, सायनस म्हणजे अशुद्ध रक्ताच्या मोठ्या वाहिन्या कुठून जातात, खोलवरच्या लहान गाठीपर्यंत जायची वाट कोणती. कवटीच्या तळाशी हाडाला चिकटलेल्या गाठींमध्ये ते शेवटपर्यंत खरं राहतं, कारण हाड सरकत नाही. मेंदूच्या आत पसरणाऱ्या ग्लायोमा या गाठीची कड ठरवताना मात्र अर्ध्या ऑपरेशननंतर त्याच्यावर विसंबू नये. एकाच जागी असलेल्या, इंजेक्शननंतर उजळणाऱ्या गाठींच्या ४५ रुग्णांवर नेदरलँड्समध्ये झालेली चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा प्रत्येक गाठीला सरसकट नेव्हिगेशन वापरायला आधार सापडला नाही, असा तिचा निष्कर्ष होता. यंत्रं तेव्हापासून बरीच सुधारली, पण सरकलेल्या मेंदूचा प्रश्न तोच आहे.

म्हणून ग्लायोमाच्या ऑपरेशनात नेव्हिगेशनसोबत आणखी काय आहे हे विचारावं. ऑपरेशन चालू असताना वापरायचं अल्ट्रासाऊंड तुलनेने स्वस्त आहे आणि मेंदू आत्ता जिथे आहे तिथेच दाखवतं. दुसरा पर्याय ५-एएलए या औषधाचा. वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०० मिलिग्रॅम. दीड ग्रॅमची बाटली ५० मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर त्यातलं ४० मिलिलिटर. भूल देण्याच्या साधारण तीन तास आधी ते पाजतात. मायक्रोस्कोपच्या निळ्या प्रकाशात घातक ग्लायोमा लालसर-गुलाबी चमकतो. जर्मनीतल्या चाचणीत, तीही २००६ मधलीच, उजळणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण ६५ टक्के होतं. साध्या प्रकाशात केलेल्या ऑपरेशनांत ते ३६ टक्के होतं. या औषधाच्याही अटी आहेत. कमी श्रेणीच्या गाठी बहुधा चमकत नाहीत, रक्ताचा थर आला की चमक झाकली जाते, पोर्फिरिया हा दुर्मीळ आजार असलेल्यांना ते देता येत नाही, आणि पुढचे एक-दोन दिवस रुग्णाला ऊन आणि प्रखर दिव्यांपासून जपावं लागतं. खोलीचे पडदे ओढून ठेवायची आठवण वॉर्डमधल्या प्रत्येक पाळीला करून द्यावी.

मणक्याच्या बाजूला ओ-आर्मची कामगिरी अधिक पक्की आहे, आणि त्याचं कारणही हाडच. पालथ्या झोपवलेल्या रुग्णाच्या भोवती हे कडं बंद होतं, एक्स-रेची नळी आतल्या आत फिरते, आणि काही सेकंदांत सीटीसारखं त्रिमितीय चित्र तयार होतं. चित्र आत्ताचं, याच स्थितीतलं असतं, आणि जुळणी आपोआप होते, त्यामुळे चेहऱ्यासारखी सळई फिरवावी लागत नाही. स्कॅनच्या वेळी भूलतज्ज्ञ श्वास थांबवतो आणि बाकी सगळे शिशाच्या आडोशाला जातात. स्टाफला एक्स-रे कमी लागतो, ही खरी सोय आहे. पण रुग्णाला मात्र, विशेषतः दोन-तीन स्कॅन केले तर, साध्या सी-आर्मपेक्षा, म्हणजे ऑपरेशनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या एक्स-रे यंत्रापेक्षा, किरणांची जास्त मात्रा मिळू शकते. लहान मुलांत कमी मात्रेचं सेटिंग वापरलं जाणार आहे ना, हे जरूर विचारावं.

नेहमीच्या चित्राची लांबी साधारण १५ सेंटिमीटर. कंबरेत तीन-चार मणके बसतात, पाठीच्या लांब वाकाच्या ऑपरेशनात स्कॅन पुन्हा घ्यावंच लागतं. संदर्भ-चौकट मणक्याच्या काट्याला चिमट्याने किंवा कटीच्या हाडाच्या मागच्या टोकात पिन ठोकून लावतात. ज्या मणक्यावर काम चालू आहे तो चौकटीपासून जितका दूर, तितकी चूक जास्त. मणके एकमेकांवर हलतात, ड्रिल जोरात दाबलं की मणका खाली जातो, श्वासाबरोबर छातीचा भाग वरखाली होतो, आणि यंत्र सगळ्यांना एकच ताठ हाड समजतं. म्हणून स्क्रू दूरच्या मणक्यापासून चौकटीकडे यावेत, हाडं सैल करण्याची कापाकापी स्क्रूंनंतर करावी, आणि ड्रिलवर जोर न देता ते फिरू द्यावं. गोळ्यांवर रक्त उडालं तर पुसून चालत नाही, ते बदलावेत. एकदाच वापरायचे गोळे धुऊन पुन्हा वापरले की वरचा थर झिजतो, आणि कॅमेऱ्याला ते मधूनमधून दिसेनासे होतात किंवा किंचित भलत्या जागी दिसतात.

खर्च कुठे वसूल होतो हे हाडांच्या मापावरून कळतं. कंबरेच्या एल-५ या पाचव्या मणक्याचा पेडिकल, म्हणजे ज्या हाडाच्या दांड्यातून स्क्रू जातो तो, १० मिलिमीटरहून रुंद असतो, आणि नेहमीचा स्क्रू साडेसहा मिलिमीटरचा. अनुभवी हात सी-आर्मवर तो नीट बसवतो. पाठीच्या मधल्या भागात, टी-५च्या आसपास, हाच दांडा ४-५ मिलिमीटरचा असतो आणि लगेच आतल्या बाजूला मज्जारज्जू असतो. वाकलेली पाठ, मानेतले स्क्रू, आधी ऑपरेशन होऊन हाडाच्या खुणा पुसलेला मणका, छोट्या छेदातून घातलेले स्क्रू, या ठिकाणी ओ-आर्मसाठी पैसे द्यावेत, आणि सोय नसेल तर दुसरं रुग्णालयही पाहावं. ‘मणक्यात गॅप आलाय’ किंवा एका जागी सरकलेली गादी काढायची आहे, एवढ्यासाठी मात्र नाही. तिथे योग्य पातळी ओळखायला सी-आर्मचं एक चित्र पुरतं, बाकी काम मायक्रोस्कोपचं किंवा दुर्बिणीचं.

पातळी मोजण्याचं काम नेव्हिगेशन करत नाही. काही माणसांत कंबरेचा शेवटचा मणका त्रिकास्थीला, म्हणजे त्याखालच्या त्रिकोणी हाडाला, जुळलेला असतो, काहींत त्रिकास्थीचा पहिला सुटा असतो. एमआरआयच्या रिपोर्टमधला एल-४ आणि टेबलावर मोजलेला एल-४ मग वेगळे निघतात. यंत्र चुकीच्या मणक्यात अगदी अचूक स्क्रू बसवायला मदत करेल. ऑपरेशनआधी पूर्ण मणक्याचा एक्स-रे आणि एमआरआय शेजारी ठेवून मणके मोजणं, एवढाच यावर उपाय.

एस८मध्ये चुंबकीय क्षेत्रावर चालणारा दुसरा प्रकारही आहे. त्याला कॅमेऱ्याची नजर लागत नाही आणि डोकं पिनांनी धरावं लागत नाही, त्यामुळे तान्ह्या मुलांत किंवा मेंदूतल्या अरुंद पोकळीत शंटची, म्हणजे साचलेलं पाणी काढणारी, नळी घालताना तो फार उपयोगी पडतो. जवळ धातूचं हत्यार आलं की क्षेत्र बिघडतं. रुग्णाला पेसमेकर असेल तर आधीच सांगावं. मणक्याचे रोबो नवे आहेत, पण तेही दिशा अशाच जुळणीवरून घेतात, तेव्हा जुळणीच्या चुका त्यांच्यातही जशाच्या तशा येतात.

रुग्णालय निवडताना यंत्राचं मॉडेल विचारण्यापेक्षा दोन गोष्टी विचाराव्यात. जुळणी कोण करतं, ऑपरेशन करणारा सर्जन स्वतः खुणा तपासतो की कंपनीचा माणूस आकडा वाचून दाखवतो? आणि मणक्याच्या ऑपरेशनात टाके घालण्याआधी ओ-आर्मचं शेवटचं स्कॅन काढून प्रत्येक स्क्रू पाहिला जातो का? हाडाबाहेर दोन मिलिमीटरच्या आत गेलेला स्क्रू बहुधा निभावतो. आतल्या बाजूला चारपेक्षा जास्त गेलेला त्याच वेळी, रुग्ण टेबलावर असतानाच बदलायला हवा. तो दुसऱ्या दिवशीच्या सीटीमध्ये सापडला तर दुसरी भूल आणि दुसरं ऑपरेशन आलं.