विंडोज १० वरच राहिलो : सहा महिन्यांचा अनुभव

गेल्या नवरात्रात, घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, बायकोने लॅपटॉप उघडला आणि पडदाभर एक पान आलं. वर देखणं चित्र, खाली मोठं निळं बटण. तिला भिशीचा हिशोब बघायचा होता आणि पैसे द्यायला आलेली शेजारीण दारात उभी होती. पुढे जायचा रस्ता हाच असेल असं समजून तिने निळं बटण दाबलं. संध्याकाळी मी विचारलं तर म्हणाली, "अहो, दुसरं बटणच नव्हतं." दुसरं होतं, पण बारीक अक्षरात, खाली कडेला. तिची यात काहीही चूक नाही, हे मी आधीच लिहून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर विंडोज ११ होतं. २०१९ साली घेतलेला हा लॅपटॉप : आठव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क. लॅपटॉप चालू करायचं बटण दाबल्यापासून भिशीची एक्सेल फाइल उघडेपर्यंत मी घड्याळ लावून मोजलं, सव्वापाच मिनिटं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवरून खाली यायलाच तयार नव्हता. मागे जायला फक्त दहा दिवस मिळतात, त्यानंतर जुनी व्यवस्था पुसली जाते. ही गोष्ट मुलाने फोनवर सांगितली म्हणून कळली. दसऱ्याच्या दिवशी, नवव्या दिवशी, सेटिंगमधल्या रिकव्हरीत जाऊन ‘गो बॅक’ केलं. तासाभरात १० परत आलं, हिशोबाची फाइल जशीच्या तशी होती. या सोयीला मी पूर्ण गुण देतो. पण चारच दिवसांत तेच पान पुन्हा पडदाभर उभं राहिलं.

घरात दुसरा संगणक आहे तो माझा, डीटीपीचा, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवण्याचा. २०१६ साली जुळवून घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार कोअर, ८ जीबी रॅम, एसएसडी. लॅपटॉपपेक्षा हा सर्व बाजूंनी दणकट. पण ११ साठी तो अपात्र आणि लॅपटॉप पात्र! कारण पात्रता वेगावर ठरत नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढं कागदावर जुळलं की झालं. डिस्क फिरती आहे की एसएसडी, हे कोणी विचारत नाही. म्हणजे ज्या यंत्राला ११ झेपत नाही त्याला रोज आमंत्रण, आणि ज्याला सहज झेपेल त्याला ‘१४ ऑक्टोबर २०२५ ला आधार संपतोय, नवीन संगणक बघा’ अशी सूचना. टीपीएमचा हेतू मला समजतो, लॉगिनच्या आणि डिस्कच्या किल्ल्या वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवणं चांगलंच आहे. पण मग आमंत्रण पाठवताना यंत्राला ते पेलेल का, हेही बघायला हवं होतं.

आता त्या बटणाबद्दल. सहा महिने मी या एका गोष्टीवर सर्वांत जास्त विचार केला आहे. मला दिसलेल्या पानांवर ‘घ्या’ असतं, ‘नंतर आठवण करा’ असतं, ‘सध्या १० ठेवा’ असतं. ‘नको’ नसतं. आपल्याकडे पंगतीत वाढपी आग्रह करतो, पण पानावर आडवा हात धरला की तो पुढे सरकतो. इथे हात आडवा धरायला जागाच नाही. ‘सध्या’ म्हटलं की सध्याचं संपल्यावर पुन्हा विचारणार, हे त्या शब्दातच आलं. मी तीस वर्षं अक्षरं जुळवली आहेत. कुठला मजकूर मोठा आणि ठळक, कुठला बारीक आणि फिकट, हे कधीही आपोआप होत नाही. कोणीतरी बसून ठरवतं. होकार सोळा पॉइंटात आणि नकार आठ पॉइंटात लावला असेल, तर तो तसा लावलेला आहे.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. २९ जुलै २०१५ ला १० आलं, तेव्हा ७ आणि ८.१ वाल्यांना एक वर्ष फुकट देऊ केलं होतं आणि घड्याळाशेजारी एक छोटी खूण येऊन बसली होती. मे २०१६ मध्ये तर त्या खिडकीची लाल फुली दाबून ती बंद केली तरी ठरलेल्या वेळेचं अपग्रेड रद्द होत नव्हतं. वीस वर्षं जी फुली ‘नको’ म्हणून दाबली, तिचा अर्थ त्या खिडकीपुरता बदलला. कॅलिफोर्नियात ट्रॅव्हल एजन्सी चालवणाऱ्या एका बाईंचा संगणक १० वर जाताना बिघडला, त्या कोर्टात गेल्या आणि त्यांना १०,००० डॉलर मिळाले. पुढे ‘नकार द्या’ असं बटण त्या खिडकीत आलं, पण मोफत मुदत संपायला थोडेच दिवस राहिले असताना.

ऑक्टोबरात दोन्ही यंत्रं घेऊन मी गावातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने कव्हरही न उघडता सांगितलं, "काका, डेस्कटॉप भंगारात. नवीन बेचाळीस हजार, जुन्याचे दीड देतो." मी विचारलं, माझं डोंगलवालं, म्हणजे संगणकाला खोचलेल्या किल्लीवर चालणारं, मराठी सॉफ्टवेअर नव्यावर चालेल का? उत्तर आलं नाही. नव्या संगणकात मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय बहुधा चालू येते आणि तिथे जुने ड्रायव्हर अडतात, हे मी नंतर वाचलं. दीड हजारांत मी ते यंत्र देणार नव्हतोच. घरी आलो.

आणि घरी येऊन चूक केली. सर्व्हिसेसमध्ये जाऊन दोन्ही संगणकांवर अपडेटची सर्व्हिसच ‘डिसेबल’ करून टाकली. आठवडाभर शांतता मिळाली आणि हाच उपाय म्हणून मी दोन मित्रांनाही सांगितला. तो सल्ला मी परत घेतला आहे, इथेही घेतो. एक तर ती सर्व्हिस स्वतःहून पुन्हा जागी होते. दुसरं म्हणजे नको असलेल्या अपग्रेडबरोबर हवे असलेले सुरक्षेचे अपडेटही जातात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर जगभर पसरलं तेव्हा त्याचा इलाज मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. अपग्रेड आणि अपडेट हे दोन वेगळे शब्द आहेत आणि मी रागाच्या भरात दोन्ही एकाच पोत्यात बांधले होते.

खरा उपाय मुलाने सुचवला. विंडोजला आपण सांगू शकतो की तुझी आवृत्ती अमुक, त्यापुढे जायचं नाही, मात्र त्या आवृत्तीचे सुरक्षा अपडेट घेत राहा. विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर ग्रुप पॉलिसी या नियम लावायच्या जागेत ‘सिलेक्ट द टार्गेट फीचर अपडेट व्हर्जन’ नावाची नोंद आहे. वरच्या रकान्यात ‘विंडोज १०’ आणि खालच्यात ‘२२एच२’ (१० ची शेवटची आवृत्ती) लिहायचं. आमच्याकडे होम आहे, त्यात ग्रुप पॉलिसी नाही. तिथे तेच काम रजिस्ट्रीतून, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीतून होतं. रजिस्ट्रीला हात लावायची भीती वाटत असेल तर स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रॅमरचं ‘इनकंट्रोल’ नावाचं इवलंसं फुकट साधन आहे. ते इन्स्टॉल करावं लागत नाही, एक बटण दाबलं की या नोंदी करतं, दुसरं दाबलं की काढून टाकतं. हेच गृहस्थ २०१६ मध्ये ‘नेव्हर१०’ घेऊन आले होते. शिवाय सेटिंगच्या नोटिफिकेशन पानावर खाली तीन चौकटी असतात : अपडेटनंतरचं स्वागत, सेटअप पूर्ण करायच्या सूचना, आणि टिप्स. तिन्ही टिकमार्क काढा. पडदाभर येणारी पानं थांबायला याची बरीच मदत झाली. बायॉसमधून, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, टीपीएम बंद करून लॅपटॉप मुद्दाम अपात्र करायची युक्तीही मी दोन दिवस वापरली, पण ती परत फिरवली. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असलेल्या यंत्रावर तसं केलंत तर रिकव्हरी की मागेल आणि ती हाताशी नसेल तर तुमचाच डेटा तुम्हाला मिळणार नाही.

नोव्हेंबरपासून आजपर्यंत लॅपटॉपवर ते निळं बटण एकदाही आलेलं नाही. मी डायरीत तारखा लिहितो म्हणून खात्रीने सांगतो. अपडेटच्या पानावर कडेला ‘११ साठी तयार’ अशी ओळ मधूनमधून दिसते, तिचा त्रास नाही.

राहिला १४ ऑक्टोबर २०२५ नंतरचा, म्हणजे १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबल्यावरचा प्रश्न. वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, घ्यायचे तीन मार्ग होते : सेटिंगचा बॅकअप ऑनलाइन ठेवा, नाहीतर मायक्रोसॉफ्टचे १,००० रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर एकदाच ३० डॉलर भरा. तिन्हींना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन हवंच. इतकी वर्षं मी संगणकावर साधं लोकल खातं ठेवलं आहे, म्हणून यावर मी फार चिडलो. माझ्या डिस्कवर दुसऱ्यांच्या घराण्यांची माहिती आहे, ती कुठल्याही बॅकअपमध्ये जाऊ द्यायची नव्हती. पंधरा दिवस अडून बसलो. शेवटी नवीन ईमेलवर खातं काढलं, बॅकअपमध्ये फक्त सेटिंग ठेवली, डॉक्युमेंट आणि पिक्चर हे फोल्डर बंद केले आणि फुकटचा मार्ग घेतला. पडद्यावर १३ ऑक्टोबर २०२६ ही तारीख आली. एका खात्यावर दहा यंत्रांपर्यंत चालतं, म्हणून लॅपटॉपही त्यातच बसवला. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारचा अपडेट आमच्याकडे बुधवारी उतरतो, बसतो, एकदा रीस्टार्ट मागतो आणि संपतो. नवीन काही दाखवत नाही. माझ्या दृष्टीने हे त्या संगणकाचे आजवरचे सर्वांत चांगले सहा महिने आहेत.

मत आणखी एका बाबतीत बदललं. जानेवारीत लॅपटॉपची फिरती डिस्क काढून एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबी केली. एकूण चार हजारांच्या आत काम झालं. आता भिशीची फाइल वीस सेकंदांत उघडते. या अवस्थेत तो ११ नीट चालवेल असं मला वाटतं, आणि मुदत संपायच्या आत सप्टेंबरमध्ये मी स्वतः तो ११ वर नेणार आहे, बायकोला विचारून, भिशीचा महिना नसताना. ११ वाईट आहे असं माझं कधीच म्हणणं नव्हतं.

डेस्कटॉप मात्र १० वरच राहील आणि ऑक्टोबरनंतर त्याचं नेट काढून टाकीन. त्यात पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या दोन हजारांवर फाइली आहेत. त्यांतले कुळवृत्तांत मला सर्वांत मोलाचे. एकेका घराण्याच्या आठ-दहा पिढ्या, गावं, गोत्र, कुलदैवत, कोण दत्तक गेलं, कोण कुठे स्थायिक झालं. हे सगळं युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर सारखं दिसणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट किंवा डोंगल सापडला नाही तर ‘श्री’च्या जागी इंग्रजी अक्षर आणि कंस उमटतात, आणि तीनशे पानं वाचता येईनाशी होतात. मी हळूहळू ती युनिकोडमध्ये आणतो आहे, पण कन्व्हर्टरमधून गेलेला रफार आणि जोडाक्षरं पुन्हा प्रूफ वाचूनच तपासावी लागतात. दिवसाला सहा-सात पानं होतात.

मागच्या आठवड्यात वाईहून एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांनी २००९ मध्ये माझ्याकडून कुळवृत्तांत करून घेतला होता, आता वडील नाहीत. तीन नवी नावं घालायची होती आणि एका नावापुढे ‘कै.’ लावायचं होतं. फाइल उघडली, फॉन्ट आला, वंशवृक्षाच्या रेघा जागेवर होत्या. ते शेजारी बसले होते. मी ‘कै.’ टाइप केलं, ट्रेसिंगवर प्रिंट काढली, त्यांनी बोट ठेवून नाव वाचलं. पाऊण तास आम्ही त्या पडद्यासमोर होतो आणि मध्ये काहीही आलं नाही.